घरट्याबाहेरचं पिल्लू

१

वर्षाराणीचा सकाळचा राग ठरलेला असे. कधी तो गॅसच्या लायटरवर निघायचा, कधी नळाला येणाऱ्या करंगळीएवढ्या धारेवर, आणि नवरा घरात असला तर सगळाच्या सगळा त्याच्यावर. पण उदयसिंह दहा दिवसांपूर्वी पुण्याला गेला होता. उद्यमनगरातल्या ज्या वर्कशॉपात तो फिटर होता, त्यांच्या मशिनी तिकडे बसवायच्या होत्या. महिनाभर तरी तो येणार नव्हता. त्यामुळे हल्ली तिचा सगळा राग मागच्या खोलीतल्या काचेच्या टाकीवर निघत होता.

टाकी मुळात माशांची. मासे मेले, टाकी राहिली. दिवाळीत उदयसिंहानं तिच्यात लाकडाचा भुसा भरला आणि आठ वर्षांच्या लेकीसाठी, ईश्वरीसाठी, जर्बिलची जोडी आणून सोडली.

"घरातली उंदरं मारायला औषध आणतोस आणि विकत आणून पाळतोस व्हय?" वर्षाराणीनं विचारलं होतं.

"उंदीर न्हवं गं. जर्बिल हाय. वाळवंटातला प्राणी हाय त्यो."

"मग वाळवंटात ठेव की. माझ्या घरात कशाला?"

ठेवलं तिच्याच घरात. नराचं नाव गुंड्या, मादीचं साखरी. सगळं मी करणार, असं ईश्वरीनं देवाशप्पथ सांगितलं होतं आणि ते आठ दिवस टिकलं. मग रोज पोरगी शाळेच्या रिक्षात बसली की वर्षाराणी मागच्या खोलीत जायची, वॉशिंग मशीनशेजारच्या टाकीवरचं जाळीचं झाकण आणि त्यावरची वीट बाजूला करायची, पाण्याची बाटली धुवायची, मूठभर बाजरी नि सूर्यफुलाच्या बिया टाकायची, ओला भुसा काढायची. हे सगळं बडबडत. मग पुढच्या खोलीत येऊन पिको-फॉलच्या मशीनवर बसायची. फुलेवाडी रिंगरोडच्या त्या भागात साड्यांना पिको करणारी ती एकटीच होती, त्यामुळे कामाला तोटा नव्हता आणि रागालाही.

एका सोमवारी सकाळी टाकीतून चिंव चिंव ऐकू आलं. कागदाच्या चिंध्या आणि भुसा गोळा करून साखरीनं कोपऱ्यात घरटं केलं होतं. त्यात पाच पिल्लं होती. गुलाबी, बिनकेसांची, डोळे बंद, शेंगदाण्याएवढी. ईश्वरीनं बोट न लावता तीनदा मोजली. पाच. रिक्षावाल्या मामांना सांगितलं, बाईंना सांगितलं, फोनवर पप्पांना सांगितलं.

मंगळवारी सकाळी एक पिल्लू घरट्याबाहेर पडलेलं होतं, पार पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या बाटलीखाली, उघड्या काचेवर. वर्षाराणीनं कपाळाला हात लावला. चमच्यानं उचलून तिनं ते घरट्यात ठेवलं. ठेवता ठेवता तिची नजर आतल्या पिल्लांवरून फिरली आणि ती जागच्या जागी थांबली.

हे धरून आत सहा होती.

२

रात्रीत एक मागाहून झालं असेल. होतं असं. म्हशीला नाही, पण कुत्रीला होतंच की. काल पोरीनं मोजलं, पोरीचं मोजणं ते काय! असं म्हणत ती मशीनवर जाऊन बसली. पण आपणही मोजली होती, पाचच होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं ते मनातून झटकलं आणि अर्ध्या तासानं परत बघायला गेली.

पिल्लू पुन्हा बाहेर. पुन्हा बाटलीखाली.

तिनं ठेवलं. साखरीनं तिच्यादेखत त्याला मानेला धरलं, ओढत नेलं आणि टाकलं. टाकून झाल्यावर तोंड भुशात खुपसून पुसलं.

"अगं ए सटवे," वर्षाराणी ओरडली, "तुझंच हाय न्हवं ते? आई हाईस का वैरीण?"

एवढ्याशा जनावरावर एवढं का चिडावं, असं कुणालाही वाटेल. तर सांगायला हवं. वर्षाराणी मूळची गारगोटीकडची. घरात तीन पोरं होती. थोरला ज्ञानू, मधली ही, धाकटी कुसुम. ही चार वर्षांची असताना आईनं हिला एकटीला उचललं आणि शिरोळला मावशीच्या घरी ठेवलं ते कायमचं. दोघं राहिली, मधली टाकली. वर्षभरात ती दोघंही तापानं गेली म्हणे; तरीही आईनं हिला परत नेलं नाही. आणि आजतागायत आई हिला घरी बोलवत नव्हती. भेटायचं ते गारगोटीच्या एस.टी. स्टँडवर. आई पिशवी घेऊन यायची, लुगड्याच्या घडीत ठेवलेली साडी द्यायची, ईश्वरीच्या हातावर खाऊ ठेवायची आणि दुसऱ्या गाडीनं परत लावून द्यायची. पोटच्या पोरीला स्टँडवर भेटणारी बाई! बत्तीस वर्षं वर्षाराणीच्या छातीत ही आग होती. चार-चार वर्षं ती तिकडे फिरकायची नाही.

म्हणून बाहेर टाकलेलं ते पिल्लू तिला बघवेना.

शिरोळला मावशीच्या यजमानांचा, कृष्णातकाकांचा, म्हशींचा गोठा होता. रेडकू मेलं की काका दुसऱ्या म्हशीचं पोरकं रेडकू आणायचे. म्हैस लाथा मारायची. मग काका त्या म्हशीखालचाच ओला पेंढा रेडकाच्या अंगाला चोळायचे, वर मीठ लावायचे. म्हैस आधी हुंगायची, मग चाटायची, आणि एकदा चाटलं की पान्हा सोडायची. "आईपण नाकात असतंय," काका म्हणायचे. वर्षाराणीनं हे दहा वेळा तरी बघितलं होतं, दोनदा स्वतःच्या हातानं केलं होतं.

तिनं पिल्लू तळहातावर घेतलं. ते गार होतं. बाहेर पडलेलं पिल्लू गार पडणारच, पण हे हातातही गरम होईना. तसं ते जिवंत होतं. सावकाश हलत होतं. आवाज मात्र करत नव्हतं. तिनं त्याला रुमालात गुंडाळून गाऊनच्या आत छातीशी धरलं आणि अर्धा तास तशीच एका हातानं साड्यांच्या घड्या घालत राहिली. मग घरट्यातला ओला भुसा घेऊन त्याच्या अंगाला चांगला चोळला, चिमूटभर मीठ लावलं आणि बाकीच्यांच्या मधोमध ठेवून दिलं.

साखरी आली. हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग डोळे मिटून त्याच्याशेजारी पडली.

"हां," वर्षाराणी म्हणाली. "आता कसं?"

३

संध्याकाळी ईश्वरीनं टाकीत बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, ह्यातलं एक आपलं न्हाय."

"आपलं न्हाय म्हणजे? पावणं आलंय व्हय टाकीत?"

"काल पाच हुती."

"मोजायला चुकलीस तू."

"न्हाय चुकले. आणि मी मोजाय लागले की ते मान वळवतंय."

"डोळं उघडल्यात का त्याचं? मान कशाला वळवंल?"

"ते मला काय म्हाईत?" पोरगी म्हणाली आणि त्यानंतर मागच्या खोलीत जायची बंद झाली. उंदरांचा नाद सुटला म्हणून वर्षाराणीला आधी बरंच वाटलं.

बुधवारी सहाच्या सहा घरट्यात होती. तिला आपल्या हाताचा अभिमान वाटला. पण त्या दिवशी दुपारपासून साखरीनं नवीनच नाटक सुरू केलं. मागच्या पायांवर उभी राहायची आणि पाय आपटायची. धप्, धप्, धप्. थांबायची आणि परत. भिंतीपलीकडून कुणी बोटाच्या पेरानं ठोकावं तसा आवाज यायचा आणि तो पुढच्या खोलीत मशीनच्या आवाजावरूनही ऐकू यायचा. फोनवर तिनं शोधून बघितलं. धोका दिसला की जर्बिल असे पाय आपटतात, असं तिथं लिहिलं होतं. घरात मांजर नव्हतं, पाल नव्हती, मांजराएवढा उंदीरही नव्हता. तिनं काचेवर चापट मारली. "गप्प बस की गं बये!"

गुरुवारी दोन पिल्लं बाहेर होती. ही दोन वेगळी. गुलाबी, गरम, चिंव चिंव करणारी. साखरीनं त्यांना पलीकडच्या टोकाला नेऊन वर भुसा लोटला होता. वर्षाराणी संतापली. एक लावून दिलं तर दोन टाकलीस? तिनं दोन्ही उचलली, परत घरट्यात ठेवली, वरून साखरीच्या नाकावर टिचकी मारली.

शुक्रवारी घरट्यात चार होती.

तिनं सगळा भुसा चाळला. रक्त नाही, हाड नाही, शेपटीचा तुकडा नाही. फोनवर हेही लिहिलेलं होतं, की आई बिथरली तर पिल्लं खाते. झालं. वर्षाराणीला आता नाव ठेवायला जागा मिळाली. उदयसिंहाला फोन करून तिनं दहा मिनिटं साखरीचा उद्धार केला.

"अगं, जनावर हाय ते," तो म्हणाला.

"जनावरं असं करत न्हाईत. माणसं करत्यात," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात हेच चाललं. साखरी एक पिल्लू बाहेर नेऊन ठेवायची, वर्षाराणी शिव्या देत परत घरट्यात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ते नसायचं. उरलेल्यांच्या अंगावर आता तपकिरी लव आली होती. सहाव्याला केस आले नाहीत. त्याची कातडी करडी पडली, सैल झाली. आणि ते बाकीच्यांच्या दुप्पट झालं होतं, मग तिप्पट. चांगलं दूध पितंय, असं ती स्वतःला सांगत होती. पण त्याला पिताना तिनं एकदाही बघितलं नव्हतं.

रविवारी गुंड्याही टाकीत नव्हता. झाकण जागेवर होतं. झाकणावर वीट होती.

४

सोमवारी सहाव्याशिवाय एकच पिल्लू उरलं होतं.

वर्षाराणीनं बाटली बदलायला हात आत घातला, तर साखरी त्या पिल्लाला मानेला धरून आली. घरट्याला मोठा वळसा घालून, काचेला घासत घासत आली. तिच्या मनगटावर चढली आणि पिल्लू तिच्या तळहातावर ठेवलं. मग खाली उतरली आणि मागच्या पायांवर उभी राहून तिच्याकडे बघत राहिली.

कुठल्याही शहाण्या बाईनं त्या वेळी हात मिटला असता आणि पिल्लू बाहेर काढलं असतं. पण रागावलेल्या बाईला दिसतं तेवढंच दिसतं. तिला दिसली पोर दुसऱ्याच्या पदरात टाकणारी आई.

"मी काय मोलकरीण हाय तुझी? तुझं तू सांभाळ," ती म्हणाली आणि पिल्लू घरट्यात ठेवायला हात खोल घातला.

आत काहीतरी तिच्या बोटाला लागलं. गार. आणि त्यानं बोट धरलं. तिनं बोट ओढलं तर सुटेना. ते चावत नव्हतं, नखं रुतवत नव्हतं. तान्हं मूल आईचं बोट मुठीत धरतं, तेवढ्याच जोरानं धरून होतं. तिला मूठ जाणवली. पाच बोटं जाणवली. जर्बिलला किती बोटं असतात ते तिला ठाऊक नव्हतं आणि त्या क्षणी तिला ते ठाऊक करूनही घ्यायचं नव्हतं. हिसका देऊन तिनं हात सोडवला, झाकण लावलं, एकाऐवजी दोन विटा ठेवल्या.

मंगळवारी सकाळी टाकीत आवाज नव्हता. पुठ्ठ्याच्या नळीत साखरी अंग चोरून बसली होती, एकटी. वर्षाराणीनं झाकण काढलं, पोळ्या उलटायच्या उलथण्यानं घरटं उचकटलं.

आत कुणीच नव्हतं. शेवटचं पिल्लू नव्हतं. सहावंही नव्हतं. कागदाच्या चिंध्यांमध्ये एक खळगा होता, गुळगुळीत, दाबून दाबून बसलेला. पिल्लाचा नव्हता. त्यात तिचे दोन्ही तळहात मावले असते.

दोन्ही विटा झाकणावर तशाच होत्या, हे तिनंच काढताना बघितलं होतं.

ती वॉशिंग मशीनला टेकून खाली बसली. साखरीनं पहिल्या दिवशी एकच पिल्लू बाहेर टाकलं होतं, जे तिचं नव्हतं ते. नंतर बाहेर नेली ती तिची स्वतःची होती. पलीकडच्या टोकाला, घरट्यापासून टाकीत जेवढं लांब नेता येईल तेवढं लांब. भुशाखाली झाकून. ती टाकत नव्हती. ती काढत होती. आणि वर्षाराणीनं एकेक करून, शिव्या देत, पाचही परत नेऊन त्याच्याशेजारी ठेवली होती.

"मला काय म्हाईत?" ती मोठ्यानं म्हणाली. "मला कुणी सांगितलं?" नळीतून साखरी बघत होती.

५

तिनं सगळं घर धुंडाळलं. तांदळाचं पोतं हलवलं, मशीनच्या मागं काठी घातली, माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्या. काही सापडलं नाही. पळालं असेल मोरीच्या भोकातून, असं तिनं ठरवलं. मोरीच्या भोकाला जाळी होती. ती घट्ट होती.

ईश्वरी शाळेतून आली, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात बसली. वर्षाराणीनं वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, दही. पोरगी ताटाकडे न बघता शेजारी बघत होती.

"मम्मी, हे कुणाचं?"

जमिनीवर तीन ताटं होती. तिसऱ्यात भाकरी चुरून, दह्यात कालवून, लहान मुलाला भरवतात तशी मऊ करून ठेवलेली होती. वर्षाराणीच्या उजव्या हाताची बोटं दह्यानं बरबटलेली होती.

"माझंच," ती म्हणाली. "दात दुखालाय माझा."

"मग ते दुसरं?"

"गप जेव की!"

पोरगी जेवेना. दोन घास खाऊन भिंतीला टेकली. तेव्हा वर्षाराणीला दिसलं. दिवाळीला घेतलेला फ्रॉक, जो महिन्याभरापूर्वी काखेत काचतो म्हणून ईश्वरी रडली होती, तो तिच्या खांद्यावरून ओघळत होता. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत चढत होती. हे कधी झालं? रोज हीच पोर समोर होती. आपण बघत कुठं होतो? टाकीत बघत होतो!

"काय हुतंय गं तुला?"

"झोप येती सारखी." मग तक्रारीच्या सुरात ती म्हणाली, "आणि तू मला दुपारी गार लावू नको की. काल झोपलेवर मागनं मिठी मारलीस आणि सोडतच न्हवतीस. तुझं हात लई गार हुतं."

काल दुपारभर वर्षाराणी पुढच्या खोलीत होती. कुणाच्या तरी लग्नातल्या अकरा साड्या होत्या, उठायला फुरसत नव्हती.

तिनं पोरीचा फ्रॉक मागून वर केला. पाठीवर ओरखडा नव्हता, डाग नव्हता. फक्त खांद्याच्या दोन्ही फऱ्यांच्या मध्ये हाताला गार लागत होतं. तिनं तिथं चिमटा घेतला. ईश्वरीला कळलंच नाही.

६

उदयसिंहाला लावायला म्हणून तिनं फोन हातात घेतला आणि नंबर लागला आईचा. मुद्दाम लावला की चुकून, ते तिलाही सांगता आलं नसतं. दोन वर्षांत तिनं स्वतःहून फोन केला नव्हता. पलीकडून "कोण?" आलं आणि वर्षाराणीच्या तोंडून जे बाहेर पडलं ते बत्तीस वर्षांचं होतं.

"आई, मला का टाकलीस?"

म्हातारीनं उलट विचारलं, "ताटं किती मांडलीस?"

"काय?"

"आज. ताटं किती मांडलीस, वर्षा?"

वर्षाराणीनं तिला ताटाचं काही सांगितलं नव्हतं. टाकीचं सांगितलं नव्हतं. तिनं दाराची कड घट्ट धरली.

"तीन."

"घरात किती हाईसा?"

"दोघीच."

"मी चार मांडायची," आई म्हणाली. "तुम्ही तिघंच हुता. पोरं मोजली की एक जास्तीचं भरायचं. तोंडं बघितली की तिघंच. मग कुसुम वाळाय लागली. मग ज्ञानू. मी तुला टाकलं न्हाय गं. काढलं."

"आणि ती दोघं?"

"तुझी मावशी म्हणाली, एकालाच नेते. तिचं काय चुकलं? तिची चार हुती."

"मग मीच का?"

"तू हाताला लागलीस," आई म्हणाली.

वर्षाराणीला रडू यायला हवं होतं. आला तो संताप, आधीपेक्षाही मोठा, कारण आता तो ठेवायला जागा नव्हती. "मग तू का न्हाय आलीस माझ्या मागनं? तीस-तीस वर्सं मला स्टँडवरनं परत लावलीस!"

"मी आले असते तर एकटी आले असते व्हय?"

गारगोटीच्या त्या घरात आई एकटी राहते, असं वर्षाराणी आजवर सगळ्यांना सांगत आली होती.

"सांगायचं न्हाय व्हय मला?" ती ओरडली. "एकदा तरी?"

"सांगितलं असतं तर धावत आली असतीस. राग हुता तोवर येत न्हवतीस. म्हटलं, असू दे राग. पोर जगती हाय न्हवं? मग बास." मग तिनं विचारलं, "त्याच्या अंगाला वास कुणाचा हाय? पोरीचा का तुझा?"

गाऊनच्या आत, छातीशी धरलेला रुमाल. अर्धा तास.

"माझा," वर्षाराणी म्हणाली.

"मग बरं हाय. ते तुलाच धरून राहील," आई म्हणाली. "पोरीला तिथनं लगेच काढ."

७

मावशीचा मुलगा राजवर्धन शिरोळहून दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता गाडी घेऊन आला. बरोबर त्याची बायको प्रियदर्शनी होती. रात्रभर वर्षाराणी पोरीला मांडीवर घेऊन, दिवे लावून, भिंतीला पाठ लावून बसली होती. काही दिसलं नाही. पाठ लावलेल्या भिंतीतून मात्र सकाळपर्यंत गारवा येत राहिला.

"शाळा सुरू असताना कशी काय पाठवालीस, ताई?" राजवर्धननं विचारलं.

"तुला न्यायचं हाय का न्हाय तेवढं सांग."

"नेतो की. तसं न्हवं..."

"मग ने. आणि मी बोलवल्याशिवाय आणायचं न्हाय. ती रडू दे न्हायतर मरू दे, आणायचं न्हाय."

प्रियदर्शनीनं नणंदेकडे बघितलं आणि मुकाट्यानं पोरीची बॅग उचलली. बुटांच्या खोक्याला भोकं पाडून त्यात साखरीला घातलं होतं. ते खोकं ईश्वरीच्या मांडीवर होतं. खोक्यातून सकाळपासून एकदाही पाय आपटल्याचा आवाज आला नव्हता.

"मम्मी, मी काय केलं?" ईश्वरी रडत होती. "मी मोजत न्हाय आता. मी करीन सगळं टाकीचं. मम्मी, पप्पा आलेवर येऊ? शनिवारी येऊ?"

ती पोरगी होती तिच्यासारखीच. शनिवारी आणलं नाही तर रविवारी एकटी एस.टी.त बसून येईल, हे वर्षाराणीला दिसत होतं. समजावलं तर येईल. जवळ घेतलं तर नक्कीच येईल. नुसतं ओरडून भागणार नव्हतं, ओरडणं तिला रोजचंच होतं. असं काहीतरी पाहिजे होतं जे दहा वर्षं, वीस वर्षं पुरेल. तिनं शोधलं, आणि ते सापडायला वेळ लागला नाही, याचाही तिला राग आला.

गाडीच्या खिडकीत वाकून, हळू, एकेक शब्द ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "कशाला येतीस? मला पहिल्यापासनंच पोरगी नको हुती."

ईश्वरीचं रडणं मधेच थांबलं. तिनं आईकडे बघितलं, आणि बघता बघता तिचा चेहरा आतून बंद झाला. हा चेहरा वर्षाराणीला पाठ होता. तिनं तो मावशीच्या घरच्या आरशात कितीदा बघितला होता. पोरीनं खिडकीची काच वर केली.

"चला मामा," ती आतून म्हणाली.

उसाच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत गाडी रिंगरोडला लागली. मागच्या काचेत पोरीचं डोकं दिसत होतं. ते वळलं नाही. वळू नको, वर्षाराणी मनात म्हणत होती, वळलीस तर बघ. गाडी दिसेनाशी झाली तशी तिनं रस्त्यातच मोठ्यानं एक शिवी हासडली. समोरचा दुकानदार चमकून बघायला लागला.

"काय झालं, वहिनी?"

"तुझं काम कर की!"

घरात येऊन तिनं दाराला आतून कडी घातली. उदयसिंहाला फोन लावला, दिवाळीच्या खर्चावरून भांडण उकरून काढलं आणि तो "येतच न्हाय जा मग मी" म्हणेपर्यंत सोडलं नाही. मग पंखा बंद केला, मशीनवर बसली. अकरातल्या चार साड्या राहिल्या होत्या. पायानं मशीन चालू केली की हात आपोआप कामाला लागतात, तसे लागले.

दुसरी साडी अर्धी झाली तेव्हा मागच्या खोलीचं दार सरकल्याचा आवाज आला. तिनं मान वळवली नाही. स्वयंपाकघरातल्या फरशीवरून काहीतरी चालत येत होतं. ते अजून नीट चालायला शिकलं नव्हतं. दोन पावलं टाकायचं, बसायचं, परत उठायचं. तिच्या स्टुलामागे येऊन ते थांबलं. डाव्या बाजूला, डोळ्याच्या अगदी कडेला, तिला ईश्वरीचा दिवाळीचा, काखेत काचणारा फ्रॉक दिसला. त्याच्या बाहीतून बाहेर आलेला एक करडा, बिनकेसांचा हात दिसला.

मग दोन हात तिच्या कमरेभोवती आले. पाठीवर एक गाल टेकला. गाऊनमधून, परकरातून, थेट हाडापर्यंत गार लागलं. मशीनची सुई वर-खाली होत होती. ते तिच्या काखेतून पुढे वाकून, बंद डोळ्यांनी, सुईच्या आवाजाकडे हात नेऊ लागलं.

"सर मागं," वर्षाराणी खेकसली. "सुई लागंल."